वापरून फाटलेली पुस्तकं

चर्चचे म्हातारे पाळकसाहेब, म्हणजे पाद्रीबाबा, वारले की दोन-चार महिन्यांत घरात पुस्तकांचा विषय निघतो. तोवर पेन्शनचे आणि घरपट्टीचे कागद मार्गी लागलेले असतात, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळूरला परतायच्या घाईत असतात, आणि मागच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक कुणी न्यायची यावर सगळे एकमेकांकडे बघतात. पवित्र शास्त्र थोरली मुलगी घेते. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाची प्रत सून घेते. उरलेलं सगळं रद्दीत. बेळगावच्या कॅम्पातून, आसपासच्या गावांतल्या जुन्या मिशन बंगल्यांतून अशा कितीतरी ट्रंका आजवर गेल्या असतील. त्यांतल्या काही माझ्यापर्यंत पोचल्या. हे माझं भाग्य. घरच्यांच्या मते खूळ.

मी जमवतो ती उपदेशकलेची पुस्तकं. नुसते छापील उपदेश नव्हे, तर उपदेश करायचा कसा हे सांगणारी: बायबलातलं वचन कुठलं घ्यावं, त्याचे भाग किती पाडावेत, दाखला कुठे द्यावा, आवाज कधी चढवावा आणि मंडळी जांभया द्यायला लागली की काय करावं. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे फोडून सांगायला नको. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये नामाचा गजर ही चौकट बुवा गुरूच्या मागे उभे राहून शिकतात. युरोपातल्या चर्चने आपली चौकट शेकडो वर्षं पुस्तकांतून शिकवली, आणि ती पुस्तकं आधी जहाजातून आणि मग बैलगाडीतून आमच्या भागात आली. मी शाळेत भाषा शिकवली. वर्गासमोर उभं राहून बोलण्यात जन्म गेला, त्यामुळे या कामातली मेख थोडीफार कळते. देवाधर्माचा भाग त्यात अर्धा. उरलेला अर्धा समोरच्यांना जागं ठेवण्याचा.

या छंदाला बेळगावइतकी सोयीची जागा अख्ख्या महाराष्ट्रात सापडायची नाही. (बेळगाव कुठे मोडतं हा वाद इथे काढत नाही. पुस्तकांच्या बाबतीत दोन्हीकडचा माल आमच्या दारात येतो, एवढं खरं.) लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बळ्ळारीकडून इथे आले. मागून विल्यम बेनन आले; ‘बेनन स्मिथ’ शाळेमुळे त्यांचं नाव अजून रोज आमच्या तोंडी असतं. १९०४ मध्ये हे सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती गेलं. कॅन्टोन्मेंट असल्यामुळे गोऱ्या पलटणींचे चॅप्लेन, म्हणजे लष्करी पाद्री, येत-जात राहिले, आणि बदलीच्या वेळी जड पुस्तकं मागे टाकून जाणं ही त्यांची रीतच होती. उत्तरेला कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशन सुरू केलं. दक्षिणेला धारवाड-हुबळीत बासेल मिशनची कानडी पुस्तकं, मंगळूरच्या त्यांच्याच छापखान्यातली. आणि पश्चिमेला घाट उतरला की गोवा. तिथली लॅटिन-पोर्तुगीज पुस्तकं गोवेकर कुटुंबांबरोबर खानापुरापर्यंत चढून आलेली. एकाच रद्दीच्या दुकानात एका ढिगात ही चारही घराणी भेटतात. शहरातल्या चर्चमध्ये आजही कानडी, मराठी आणि इंग्रजी उपासनांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. रद्दीवाल्याकडे तेवढाही भेद नसतो.

बाबा पदमनजींचं नाव इथे घ्यायलाच हवं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ते १८५७ चं ‘यमुना पर्यटन’ लिहिणारा हा माणूस बेळगावचा. १८३१ मध्ये इथेच जन्म, इथल्या मिशनच्या शाळेत शिक्षण, आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही इथेच. साहित्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना कादंबरीचं नाव पाठ असतं, गाव माहीत नसतं. पुढे पदमनजींनी लहानमोठी पुस्तकं लिहिली ती शंभराच्या वर. त्यांतली बरीचशी हातात धरून बाजारात, ओट्यावर, पारावर वाचून दाखवण्यासाठी होती. कादंबरीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्या चोपड्यांचं मात्र कुणी काही केलं नाही.

माझ्याकडचं सगळ्यांत लाडकं पुस्तक दिसायला अगदी दरिद्री आहे. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं नाहीत, कातड्याची पाठ हात लावला की विटकरी पूड सोडते. हा कातड्याचा रोगच आहे. झाडांच्या सालींनी कमावलेलं एकोणिसाव्या शतकातलं पुष्कळसं कातडं असंच भुसभुशीत होतं आणि एकदा लागण झाली की ते पुन्हा मऊ होत नाही. पुस्तक आहे ज्याँ क्लोद यांचा उपदेशरचनेवरचा निबंध, चार्ल्स सिमियन यांनी आपल्या उपदेशांच्या शंभर सांगाड्यांसह काढलेल्या आवृत्तीतला.

या निबंधाचा प्रवास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्लोद हे फ्रान्समधले प्रोटेस्टंट पाळक. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले आणि क्लोदना चोवीस तासांत देश सोडायला लावला. दीडेक वर्षात ते हेगमध्ये वारले. त्यांच्या कागदांत हा निबंध सापडला. शंभरेक वर्षांनी, १७७८-७९ मध्ये, केंब्रिजच्या रॉबर्ट रॉबिन्सन या बॅप्टिस्ट पाळकाने त्याचं इंग्रजी केलं आणि खाली इतक्या टिपा घातल्या की टिपांनीच पुस्तक व्यापलं. टिपाही कशा, तर क्लोदना मध्येच चिमटे काढणाऱ्या, दुसऱ्या पाळकांच्या रटाळ उपदेशांचे मासले देणाऱ्या. मला त्या टिपा फार आवडतात. सिमियनना आवडल्या नाहीत. त्यांनी १७९६ मध्ये निबंध पुन्हा काढताना त्या छाटल्या आणि त्या जागी स्वतःचे सांगाडे जोडले.

सांगाडा म्हणजे उपदेशाची नुसती हाडं: वचन, मुद्दा, पोटमुद्दा, लागू करण्याची जागा. मांस ज्याचं त्याने चढवायचं. क्लोद उपदेशाचे पाच भाग सांगतात: प्रस्तावना, वचनाचा मागचा-पुढचा संबंध, विभाग, विवरण आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या जगण्याला ते लागू करणं. सिमियन केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये १७८२ पासून मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, बोलत राहिले. सुरुवातीला तिथल्या मानकऱ्यांना ते इतके नकोसे होते की त्यांनी आपापल्या बाकांना कुलपं घातली. लोक मधल्या वाटेत उभे राहून ऐकत. पुढे विद्यार्थ्यांना घरी बोलावून हीच हाडं जोडायला त्यांनी शिकवलं. त्यांतले काही कंपनी सरकारचे चॅप्लेन होऊन हिंदुस्थानात आले. हेन्री मार्टिन हे त्यांच्याच हाताखालचे. म्हणून सिमियनचं पुस्तक बेळगावच्या ट्रंकेत निघालं तर त्यात नवल नाही.

नवल आहे ते समासात. छापील इंग्रजी सांगाड्याच्या बाजूला शिसपेन्सिलीने, बारीक बाळबोध अक्षरात, गावांची नावं लिहिली आहेत. हिंडलगा. नंदगड. बैलहोंगल. पुन्हा हिंडलगा, पण त्यावर काट. एकच सांगाडा एका गावात दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून ठेवलेला हा हिशेब. कुठे कुठे दोन शब्दांचा शेरा: ‘मंडळी थोडी. पाऊस.’ एके ठिकाणी मेंढपाळाचा इंग्रजी दाखला खोडून ‘धनगर, कुत्रं’ एवढंच लिहिलंय, आणि कुत्र्याखाली दोन रेघा. या माणसाने कुत्र्याचं काय केलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय. इंग्रजी दाखल्यात कुत्रं नाहीच. बैलहोंगलच्या मंडळीत कुणीतरी त्या कुत्र्यावर हसलं असणार, म्हणून दोन रेघा.

पुस्तकाच्या बाजारात अशा प्रतीला ‘खराब’ म्हणतात. लंडनच्या विक्रेत्यांच्या याद्या वाचाव्यात: स्वच्छ प्रत, रुंद समास, लिखाण नाही, तेवढी किंमत वर. कवितेच्या किंवा नकाशांच्या पुस्तकाला हा न्याय ठीक असेल. उपदेशकलेच्या पुस्तकाची कोरी प्रत म्हणजे ती कधी कामालाच आली नाही, आणि मला विचाराल तर ती अपुरी प्रत आहे.

अर्थात हा माझा हट्ट आहे आणि तो खिशाला परवडणारा आहे, हेही कबूल करतो. या विषयातली खरी रत्नं माझ्या वाट्याला यायची नाहीत. संत ऑगस्टिन यांच्या ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथाचा चौथा भाग उपदेशावर आहे, आणि तेवढाच भाग वेगळा काढून स्ट्रासबुर्गच्या योहान मेंटेलिनने १४६६ च्या सुमारास छापला. छपाईची कला तेव्हा जेमतेम पाळण्यातून उतरली होती, आणि इतक्या लवकर छापावंसं वाटलं ते पुस्तक उपदेश कसा करावा याचं! डच विद्वान इरॅस्मसचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ बाझलला १५३५ मध्ये निघाला, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. असली पुस्तकं मी संगणकाच्या पडद्यावर बघतो, पानं मोठी करून बघतो, आणि गप्प बसतो. त्याच काळातला एक संग्रह मात्र मला अगदी घरचा वाटतो. त्याचं लॅटिन नाव ‘डोर्मी सेक्युरे’, म्हणजे खुशाल झोप. रविवारचे उपदेश तयार करून दिलेले, तेव्हा शनिवारी रात्री पाद्रीबाबांनी काळजी करू नये! पंधराव्या शतकात त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आमच्या शिक्षकी पेशात गाईडं विकली जातात त्याचं मला तेव्हापासून वाईट वाटेनासं झालं.

मात्र दुर्मीळ काय आणि सुलभ काय, याचा हिशेब आमच्या भागात उलटा आहे, आणि हे मला रद्दीवाल्याने शिकवलं. शहरातल्या एका दुकानात मी नेहमी जातो. एकदा त्याच्याकडे इंग्रजी उपदेशांचे जाड खंड आणि त्यांच्या मधे अडकलेल्या पाच-सहा मराठी चोपड्या आल्या होत्या. खंड त्याने काट्यावर टाकले. चोपड्या हातात घेऊन म्हणाला, “सर, हे इंग्लिश वजन भरतंय. हे मराठी पातळ हाय, ते असंच न्या की ओ.” मी नेल्या. त्या खंडांच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. सिमियनचे २१ खंड, अडीच हजारांवर उपदेशांचे, आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. त्या चोपड्यांतल्या एकीची दुसरी प्रत मला अजून कुठे दिसलेली नाही.

याचं कारण थोडं कागदात आहे. १८५० च्या आधीचा युरोपी कागद चिंध्यांचा. त्याचं पान आजही उलटताना नव्या नोटेसारखं वाजतं. नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात तुरटी आणि राळ आली, आणि आम्लाने तो कागद आतून जळत गेला. म्हणून सतराव्या शतकातलं पान ठणठणीत आणि १८९० ची मुंबईची चोपडी पिवळी, कोपरे तुटलेली, घडीवर दुभंगलेली. पण जास्तीचं कारण किमतीत आहे. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ मध्ये स्थापन झाली ती मुळात अशा स्वस्त चोपड्यांसाठी. पुठ्ठा नाही, शिवण एका दोऱ्याची, किंमत नाममात्र. फिरत्या विक्रेत्याच्या झोळीतून ती बाजारात जायची आणि मिठाची पुडी बांधायच्या कामी यायची. स्वस्त वस्तू कुणी जपून ठेवत नाही. जाड इंग्रजी खंड कुणी वाचला नाही म्हणून टिकला.

या न्यायाचं टोकाचं उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या, गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या. चर्चमध्ये मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेलं हे पुराण, उपदेशकाच्या हातातलंच. आणि तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज माहीत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषांवर बंदीचं फर्मान काढलं, त्याचा हात त्यात असणारच; पण पानं झिजेपर्यंत वाचली गेली असणार हेही मला तितकंच खरं वाटतं. आपल्याला हे पुराण मिळालं ते हस्तलिखितांतून, आणि १९०७ च्या मंगळूर आवृत्तीतून. त्या मंगळूरच्या आवृत्तीची प्रत मी एका जुन्या गोवेकर घरात पाहिली. मागितली नाही. घरातल्या आजी त्यातल्या ओव्या तोंडपाठ म्हणत होत्या. अशा ठिकाणी पुस्तक मागायचं नसतं.

आता त्या मराठी चोपड्यांत असतं काय, हे सांगितलं पाहिजे, कारण नुसतं ‘दुर्मीळ’ म्हणून डोक्यावर घेण्यासारखं सगळंच नाही. बाजारात उभं राहून बोलणाऱ्यासाठी लिहिलेलं गद्य जोरकस असतं. वाक्यं आखूड. प्रश्नामागून प्रश्न. ‘बरें, हें तुम्ही म्हणतां, तर सांगा पाहूं’ अशी समोरच्याला ओढून घेण्याची ढब. त्या काळातलं संस्कृताळलेलं शास्त्रीबुवांचं मराठी एकीकडे ठेवा आणि हे दुसरीकडे. बोलता येण्याजोगं गद्य कसं असावं याचे काही उत्तम नमुने यात आहेत. पण त्याच पानावर देवादिकांची टवाळी असते, तीही कधी कधी फार उथळ. कृष्णाच्या गोष्टी मोडतोड करून सांगायच्या आणि ‘हा तुमचा देव’ म्हणायचं. मी ख्रिस्ती घरात वाढलो, शेजार सगळा वारकऱ्यांचा. माझ्याने ती पानं मोठ्याने वाचवत नाहीत. आजोबा उपदेशक होते, आषाढीला शेजारच्या दिंडीतल्या लोकांना पाणी द्यायचे. त्यांच्या ट्रंकेतही असली चोपडी होती. तिच्या समासात एक अक्षर लिहिलेलं नाही. ती त्यांनी वापरली नाही, असं मी धरून चालतो. पुरावा एवढाच, पण मला पुरतो.

समोरूनही ठोशाला ठोसा होताच. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. शेकडो लोक ऐकायला जमत. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवन यांनी त्याचा वृत्तान्त छापला. उपदेशकलेच्या कपाटात मी या वादांचं पुस्तक मुद्दाम ठेवणार, मिळालं तर. कारण इथे उपदेशक एकटा बोलत नाही. समोरचा त्याला उभा आडवा घेतो, आणि सांगाड्यावर चढवलेलं मांस खरं की कापसाचं हे तिथे कळतं. जो उपदेशक फक्त आपल्याच मंडळीपुढे बोललाय त्याचं छापील पुस्तक मला दोन पानांत ओळखू येतं. त्याला प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात.

पुढे आपल्याकडच्याच लोकांनी हे वळण बदललं. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त आणला. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ-वीणा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला क्लोदचे पाच भाग लागेनासे झाले. तिथून पुढची पुस्तकं मी फारशी जमवत नाही. ती कीर्तनाच्या कपाटातली.

मधे कोरी पानं घालून बांधलेली एक प्रत माझ्याकडे आहे. पूर्वी उपदेशक मुद्दाम अशी बांधणी करून घेत: एक पान छापील, समोर एक कोरं, स्वतःचं लिहायला. मूळ पुस्तक इंग्रजी, उपदेश कसा तयार करावा यावरचं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. आणि कोऱ्या पानांवर मोडी. मोडी का, हे समजायला अडचण नाही; हात न उचलता झरझर लिहिता येतं, आणि शाळेत तेव्हा शिकवतच. मला मोडी तुटक वाचता येते. तहसील कचेरीत जुने उतारे वाचण्यात आयुष्य काढलेले आमच्या गल्लीतले एक काका भिंग घेऊन बसले. त्यांना ख्रिस्ती शब्द ओळखीचे नाहीत, मला मोडीचे फाटे ओळखीचे नाहीत. ‘तारण’ (आमच्याकडे त्याचा अर्थ मुक्ती) हा शब्द आला तेव्हा ते म्हणाले, “हे गहाणखत दिसतंय.” मग आम्ही दोघांनी मिळून ते पान लावलं. बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट होती. धाकटा मुलगा वाटणी मागतो तिथे लिहिणाऱ्याने वाटणीपत्राची कायदेशीर भाषा जशीच्या तशी घातली होती, सर्व्हे नंबरासकट! गावातल्या शेतकऱ्यांना दुसरं काही सांगायची गरजच उरली नसेल. काकांना ते इतकं आवडलं की पुढची पानं वाचायला ते आपणहून येतात. त्या प्रतीचं दुःख एवढंच की मधल्या काळात कुणा बाइंडराने ती पुन्हा बांधताना कडा सरळ करायला कटिंग मशीनमध्ये घातली, आणि प्रत्येक मोडी ओळीचं शेवटचं अक्षर गेलं.

गोव्याच्या बाजूचं एकच पुस्तक सांगतो. आंतोनिओ व्हिएरा हे सतराव्या शतकातले पोर्तुगीज जेझुइट, म्हणजे त्या कॅथलिक संघाचे पाद्री. आयुष्याचा मोठा भाग ब्राझीलमध्ये गेला. १६५५ मध्ये लिस्बनच्या राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये त्यांनी बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर एक उपदेश केला, आणि विषय काय घेतला, तर उपदेशांना फळ का येत नाही! देवाचा दोष नाही, ऐकणाऱ्यांचा नाही. दोष आमचा, बोलणाऱ्यांचा, असं दरबारातल्या नामांकित उपदेशकांच्या तोंडावर सांगितलं. म्हातारपणी, १६७९ पासून, त्यांनी आपले उपदेश स्वतः छापायला काढले. त्याच पहिल्या खंडात ते म्हणतात की ज्या आवाजाने यांत जीव होता तो आवाज नसताना ही नुसती प्रेतं आहेत. माझ्याकडे या मालिकेतला एक सुटा, वाळवीने खाल्लेला खंड आहे. पोर्तुगीज मला येत नाही. गोव्यातले एक स्नेही वाचून अर्थ सांगतात. एरवी लिस्बनचे पुस्तकवाले अशा खंडाला हातही लावणार नाहीत. वाळवीने पाडलेला बोगदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ गेलाय.

वाळवीवरून आठवलं. बेळगावचा पावसाळा हा पुस्तकांचा खरा वैरी. जूनमध्ये एकदा झड लागली की कपडे वाळत नाहीत तिथे कातड्याचं काय. जुनी माणसं कपाटात वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवत. मीही ठेवतो, कसरीला थोडा आळा बसतो. डांबरगोळ्या मी काढून टाकल्या, वासाने डोकं धरतं. नव्या आलेल्या पुस्तकात किडा जिवंत असेल असा संशय आला तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून डीप फ्रीझरमध्ये घालतो, पंधरा दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं. पापलेटांच्या शेजारी क्लोद ठेवलेले पाहून आमच्या सौ. जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, बेळगावात, निपाणी-संकेश्वरकडे, खानापुरात किंवा तिकडे गडहिंग्लज-चंदगडला, अशी ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. जाड पुस्तकं बाजूला ठेवा, त्यांना कुणी ना कुणी वाली आहे. तळाशी चिकटलेल्या पातळ चोपड्या आधी काढा, ओल्या असतील तर उन्हात न घालता सावलीत पंख्याखाली वाळवा, आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. तो डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन अक्षर खातो. समासात पेन्सिलीचं काही दिसलं तर खोडरबर फिरवू नका. कोऱ्या पानांवर मोडी असेल तर ती चिटोरी समजून फेकू नका. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखिताला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचंही संरक्षण आहे. पुस्तकं द्यायची नसतील तर देऊ नका, नुसती बघायला बोलवा. काका भिंग घेऊन यायला तयार आहेत, फक्त संध्याकाळी पाचनंतर. त्याआधी ते झोपतात.